बारकू आणि उल्लाबाई

दोंडाईच्याच्या सबस्टेशनात रात्रपाळीला
ट्रान्सफॉर्मर एकच सूर धरून बसतो.
लोक म्हणतात घूं घूं.
मी खर्ज म्हणते.
गाणं शिकले नाही. आयटीआय केलं, वायरमन, मग ऑपरेटर.
पण पन्नास हर्ट्झच्या शेजारी बावीस वर्षं काढली
की बाईला कळतं, कोण सुरात आहे.

म्हणून माझे आवडते सगळे वीज खाणारे.
सनईवाल्याशी भांडण नाही माझं,
पण मला तो हवा
ज्याचा प्लग काढला की हातात नुसतं प्लास्टिक उरतं.

पहिली कॅसेट धुळ्याची, पाचकंदीलच्या टपरीवरची.
वेष्टनावर अहिराणी लग्नगीतं,
आत भलतंच:
एक बाई, कुठल्या मुलखाची कोण जाणे,
पत्र्यावर गारा पडाव्यात तसा ठोका,
आणि तिच्या मागे कुणीतरी
विहिरीत बादली सोडत चाललेलं,
खाली, अजून खाली,
पाणी लागतच नाही.

टपरीवाला म्हणाला, आणा, बदलून देतो.
मी नाही दिली.

ती "उल्ला, उल्ला" असं काहीतरी म्हणायची,
म्हणून उल्लाबाई.
विहिरीतला तो बारकू.
आवडते कलाकार कोण, असं मला कुणी विचारलंच नाही,
नाहीतर सांगितलं असतं.

थोरल्या जाऊबाई, वेणूताई,
हेडफोनची एक वायर कानाला लावून म्हणाल्या,
"हाई काय व माय! गिरणीमा दानाच नहीत
नि पट्टा चालू शे."
अगदी तसंच, वेणूताई.
दाणे नसताना चालणारी गिरणी.
मला तेच तर आवडतं.

अकरा वर्षांनी भाच्यानं गाण्यापुढे मोबाइल धरला
आणि मोबाइलनं नाव सांगितलं.
एकच.
थंड समुद्रावरच्या कुठल्याशा गावची, चष्म्याची बाई.
म्हणजे बारकू बाई निघाला.
आणि उल्लाबाई कुणी नव्हतीच,
बारकूनंच तिला यंत्रातून काढलेली.

दोन दिवस मला सुतक.
तिसऱ्या रात्री पुन्हा लावलं.
आहे की ती!
यंत्रातली असली म्हणून काय,
श्वास कुठे घ्यायचा ते तिला माहीत आहे.
आमच्यात तरी किती जणींना असतं?

आता यंदाची गोष्ट.
मिरच्यांच्या पथारीपलीकडे हळद होती,
वारा इकडचा, म्हणून ठसका आणि गाणं एकदमच येत होतं.
बँड सांगवीचा. ऑक्टोपॅडवर रफिक मन्यार,
दोन मजली कीबोर्डवर गुलाब पावरा.
गुलाबचं बोट मी लांबूनही ओळखते,
तो सूर संपवत नाही,
चुलीतल्या लाकडासारखा मागे ओढून विझवतो.
त्यांचा जनरेटर दुपारीच बसलेला,
वाजत होतं ते माझ्या फीडरवर.

आणि अकराला फीडर बंद करा, असा वरून फोन.

दहा अठ्ठावन्नला गाण्याच्या मधोमध
पोरं दमून थांबली, रफिक नुसता पाय मोजत राहिला,
आणि गुलाबनं बादली सोडली.
खाली.
अजून खाली.
तीच. माझी. तोच काळोख, तीच दोरी.
धुळ्याच्या त्या टपरीवर
त्या चुकलेल्या कॅसेटी किती होत्या,
हे मी कधी मोजलंच नव्हतं.

स्विचवर हात होता.
घड्याळात अकरा.
अकरा एक.
हळदीची पोरं बावरली, नाचावं की थांबावं,
एक म्हातारा मात्र एकटाच डुलत होता, डोळे मिटून.
अकरा तीन.

नोंदवहीत लिहिलं: बंद, २३.०४.
कारणाचा रकाना कोरा.
सकाळी साहेबांनी न वाचता सही केली.

अंधार झाल्यावर पलीकडून शिट्ट्या आल्या,
वीज मंडळाच्या नावानं शिव्या आल्या, त्या माझ्याच.
ट्रान्सफॉर्मर घुमत होता.

गुलाबला अजून भेटले नाही.
भेटला तर आधी विचारीन,
भाऊ, तुझ्या वेष्टनावर काय होतं?